तुझ्या सायकलच्या कॅरिअरवर

प्रिय अपेक्षा,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस. घरी सगळे बरे आहेत. आजीचा गुडघा आहे तसाच आहे, म्हैस व्याली, रेडी झाली. हे फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर तू ‘अप्पा, जेवलात का’ विचारतेस, मी ‘हो’ म्हणतो, आणि तिथंच आपल्या दोघांचंही बोलणं संपतं. शिवाय तुझ्या खोलीत इतर मुली असतात. मला जे सांगायचंय ते फक्त तुझ्यासाठी आहे आणि बोलायला गेलो तर माझी जीभ अडखळणार. म्हणून इथं सोलापुरात, आमच्या शाळेच्या ऑफिसात मधल्या सुट्टीत दार लोटून लिहायला बसलोय. बाहेर पोरांचा नुसता गलका चाललाय, तो बरा वाटतोय.

मध्ये एकदा तू व्हिडिओ कॉल केलास तेव्हा आई अंगणात तुझी शाळेतली सायकल पुसत होती. तू हसून म्हणालीस, ही अजून चालते? मी म्हणालो, आईला व्यायाम सांगितलाय, ती चालवते. आईनं माझ्याकडं एकदा बघितलं आणि परत चेन पुसायला लागली. बाळा, ते खोटं होतं. तुझी आई रोज सकाळी त्या सायकलवर मला मागं कॅरिअरवर बसवून स्टेशनवर सोडते, आणि संध्याकाळी सोलापूरची गाडी आली की परत न्यायला येते. एवढा मोठा, पोट सुटलेला, मिशीवाला माणूस बायकोच्या मागं एका बाजूला पाय सोडून बसतो. हे वाक्य लिहितानासुद्धा माझे कान तापलेत.

मुळापासून सांगतो. मागच्या हिवाळ्यात मी मोटारसायकलवरून पडलो होतो, तू सुट्टी काढून आली होतीस. उसाच्या ट्रॅक्टरनं कट मारला असं मी सांगितलं आणि तू त्या ट्रॅक्टरवाल्याला काय काय शिव्या दिल्यास. ट्रॅक्टर नव्हताच. रस्ता मोकळा होता. स्टेशनवरून घरी येताना कॅनॉलच्या कडेला अचानक तोंडात लोखंडासारखी चव आली, आणि पुढचं मला काही आठवत नाही. शुद्धीवर आलो तेव्हा ज्वारीच्या रानात आडवा होतो, जीभ चावलेली, तोंड रक्तानं भरलेलं. पलीकडच्या अंगाला पडलो असतो तर सरळ पाण्यात गेलो असतो. मी उठलो, कॅनॉलवरच चूळ भरली, आणि घरापर्यंत येता येता ट्रॅक्टर तयार केला.

दुसऱ्यांदा झालं ते सोलापूर स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवर, संध्याकाळच्या गर्दीत. डोळे उघडले तर कुणीतरी माझ्या नाकाशी चप्पल धरली होती आणि भोवती माणसांचं रिंगण. पॅन्ट ओली झाली होती. आपल्याच स्टेशनवरून माझ्याबरोबर रोज अपडाऊन करणारा बिरप्पा, कोर्टात शिपाई आहे बघ, त्यानं ती चप्पल बाजूला ढकलली, खांद्यावरचा टॉवेल काढून माझ्या कमरेला गुंडाळला आणि लोकांवर ओरडला, ‘काय तमाशा हाय का हितं? सरका की!’ त्या दिवशी मी टॉवेल गुंडाळूनच घरी आलो. आई पाणी तापवायला गेली. न्हाणीत मी रडलो, हे तिलाही माहीत नाही.

डॉक्टरांनी डोक्याचा फोटो काढला, तारा लावून कागदावर रेघा काढल्या आणि सांगितलं, ही फिट आहे, अपस्मार म्हणतात. भूतबाधा नाही, कुणाचं पाप नाही, लाजायचं तर काहीच कारण नाही. गोळ्या चुकवायच्या नाहीत, झोप मोडायची नाही, मोटारसायकल बंद, सायकलही चालवायची नाही, पाण्याजवळ एकट्यानं जायचं नाही. मी शहाण्या पोरासारखी मान हलवली, आणि दवाखान्याची पायरी उतरलो न उतरलो तोच आईला म्हटलं, कुणाला सांगायचं नाही. आजीला नाही, काकाला नाही, आणि अपेक्षाला तर अजिबात नाही. उद्या तिला बघायला पाहुणे येतील, बापाला फिट येतात म्हटल्यावर उठून जातील. तुझी आई म्हणाली, ‘पाहुण्यांचं पाहुणं बघतील, सोमवारी कामावर कसं जाणार ते सांगा.’

तोच खरा प्रश्न होता. वडापची जीप भरल्याशिवाय हलत नाही, आणि तोवर गाडी निघून जाते. तुझ्या काकाला म्हणावं तर कारण सांगावं लागलं असतं. मग आईनं गोठ्याच्या मागची तुझी सायकल बाहेर काढली. मला वाटलं चेष्टा करतेय. पण करकंबला माहेरी असताना ती भावाच्या सायकलवर बहिणीला मागं बसवून शाळेत जायची म्हणे. इतक्या वर्षांच्या संसारात हे मला ठाऊकच नव्हतं. तिनं सांगितलं नव्हतं, कारण मी कधी विचारलं नव्हतं.

पहिल्या दिवशी आम्ही वेशीपर्यंत तीनदा पडता पडता राहिलो. तिनं पदर खोचला, साडीचा काठ चेनीत जाऊ नये म्हणून दोऱ्यानं बांधला, आणि मी मागं जीव मुठीत धरून. ओढ्याच्या चढाला ती उतरायची, मीही उतरायचो, वर गेलं की परत बसायचो. तिच्या पाठीवर घामानं ब्लाउज चिकटलेला दिसायचा आणि मी मान वळवून उसाकडं बघत राहायचो. टपरीवरचा कोंडीबा रोज ओरडायचा, ‘काय उदयसिंह, मालकीणबाई ड्रायव्हर ठेवली व्हय?’ सगळे हसायचे. मी गुडघा दुखतोय असं सांगायचो. आणि स्टेशनच्या अलीकडं उसाचा वजनकाटा आहे ना, त्याच्या आडोशाला मी तिला थांबवायचो. ‘बास, इथून मी चालत जातो.’ रेल्वे फाटकापाशी आमचे रोजचे पासवाले उभे असतात, त्यांनी बघू नये म्हणून. ती डबा हातात द्यायची आणि सायकल वळवायची.

असे पावसाळ्याचे दिवस गेले. मग एक दिवस काट्यावर ट्रॅक्टरची रांग लागलेली होती, थांबायला जागाच नव्हती, आणि आई मला घेऊन थेट फाटकावर आली. फाटक पडलेलं. अलीकडं सगळे आपले लोक, मोटारसायकलवर बसलेले, बँकेतले चिंतामणी देशपांडे, दूध घालायला जाणारी पोरं, बिरप्पा. सगळ्यांची तोंडं आमच्याकडं वळली. कुणीतरी शीळ घातली. आणि अपेक्षा, मी चालत्या सायकलवरून उडी मारली. माझ्या धक्क्यानं सायकल आईसकट कलंडल्याचा आवाज आला. मी मागं बघितलं नाही. फाटकाखालून वाकून, जणू या बाईची माझी ओळखच नाही असा, तरातरा प्लॅटफॉर्मकडं निघालो. मागून तिचा आवाज आला, ‘अहो, डबा! डबा राहिला की!’ त्या पिशवीत सकाळची गोळी होती. घाईत ती घ्यायची राहिली होती, गाडीत घेतो म्हणालो होतो. मला ते आठवत होतं. आठवत असून मी वळलो नाही.

गाडी आली, मी चढलो. गाडी हलणार एवढ्यात आई प्लॅटफॉर्मवर धावत येताना दिसली. सायकल तिनं फाटकातच टाकली होती. डब्या-डब्यात डोकावत ती आमच्या खिडकीपाशी आली. खिडकीत सिद्धम्मा बसली होती, मंडईत भाजी विकते ती. आईनं पिशवी तिच्या हातात कोंबली आणि सगळ्या डब्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, ‘मावशी, ह्यास्नी फिट येती. ह्यात गोळी हाय, आत्ता घ्यायला लावा. आन दारात उभं ऱ्हाऊ देऊ नका.’

गाडी सुटली.  माझ्या शेजारचा एक जण हळूच उठून पलीकडं जाऊन बसला. एका बाईनं मांडीवरचं पोर दुसऱ्या बाजूला घेतलं. देशपांडे वर्तमानपत्र वाचत होते, ते वाचतच राहिले. सिद्धम्मानं पाट्या सरकवून जागा केली, ‘या की हितं, आत या,’ म्हणाली, आणि माझ्या तळहातावर गोळी ठेवून मी गिळेपर्यंत माझ्या तोंडाकडं बघत बसली. मला वाटत होतं, गाडीचा तळ फाटावा आणि मी रुळांत जावं. आणि राग कुणाचा आला असेल? तुझ्या आईचा.

संध्याकाळी ती नेहमीसारखी उभी होती. गुडघ्यापाशी साडी फाटलेली. मी मागं बसलो. कॅनॉलचा पूल आला. मग मीच म्हणालो, ‘सगळ्यांसमोर सांगायची काय गरज होती?’ तिनं सायकल थांबवली, मला उतरायला लावलं. मला वाटलं ओरडेल. पण ती सावकाश बोलली. ‘तुमाला फिट येती त्याची लाज वाटती, म्हणून मी गप होते. काट्याच्या मागं उतरवून घेता, तवाबी गप होते. पण आज फाटकात मी पडले तरी तुमी वळला न्हाय. गोळी ऱ्हायली तरी वळला न्हाय. गाडीत काय झालं असतं तर लोकांस्नी मी काय सांगायचं? आमचे मालक लाजून मेले म्हणून?’ एवढं बोलून तिनं तोंड फिरवलं आणि कठड्याला धरून रडली. लग्नापासून मी तिला रडताना फार वेळा पाहिलेलं नाही. मी तिच्या पाठीवर हात ठेवायला गेलो, तर तिनं तो बाजूला केला. ‘बसा,’ म्हणाली, ‘अंधार व्हायच्या आत घरी जाऊ.’

दुसऱ्या दिवसापासून मी फाटकापर्यंत कॅरिअरवर बसून जातो. सगळं एकदम सोपं झालं असं समजू नकोस. कोंडीबानं आणखी काही दिवस तोंड चालवलं. एकदा मीच त्याला म्हटलं, ‘मला फिट येतात रे, गाडी चालवायची बंदी आहे.’ त्यानं आम्हाला दोन कप चहा दिला, त्यात साखर जरा जास्तच होती. शेजारून उठून गेलेला तो माणूस अजूनही माझ्यापासून लांब बसतो. बसू दे. आजीला सांगितलं तर तिनं सरळ लिंबू उतरवलं, मग गोळ्यांची आठवणही तीच करायला लागली. मला अजून लाज वाटते, रोज वेस ओलांडताना वाटते. पण त्या दिवशी फाटकाखालून वाकून गेलो, त्याची वाटते ती वेगळी. ती आत कुठंतरी खोल बसलीय. आई त्या दिवसाबद्दल परत कधी बोलली नाही आणि मला अजून माफी मागायला जमलेलं नाही. तुला लिहितोय, त्यातच ती थोडी मागून घेतोय, असं समज.

आता पत्र का लिहिलं ते. काल तुझ्या खोलीतल्या उर्वीचा आईला फोन आला. मागच्या आठवड्यात मेसमध्ये तू ताटासकट खाली पडलीस, दातखिळी बसली, हातपाय ताठ झाले. आणि उठल्यावर तू सगळ्यांना सांगितलंस, उपवास होता, चक्कर आली. उर्वीला शपथ घातलीस की घरी कळवायचं नाही. ती बिचारी आठवडाभर झोपली नाही. तिच्यावर रागावू नकोस. तू का लपवलंस हे मला कुणी समजावून सांगायला नको. नर्सिंगला ठेवणार नाहीत असं वाटलं असेल, वॉर्डात मैत्रिणी काय म्हणतील असं वाटलं असेल. चक्कर आली म्हणालीस तेव्हा तुझा चेहरा कसा झाला असेल ते मला इथं बसून दिसतंय. डॉक्टरांनी मला विचारलं होतं, घरात आणखी कुणाला आहे का? मी ‘नाही’ म्हणालो होतो. हा आजार माझ्याकडून तुझ्याकडं आला की नाही, ते डॉक्टर सांगतील. लपवणं मात्र माझ्याकडूनच आलं, आणि त्याची मला इतकी लाज वाटते की मला ती लिहिता येत नाही. कॉलेजवाले काय म्हणतील ते मला ठाऊक नाही, खोटा धीर देणार नाही. काय म्हणतील ते आपण तिघं मिळून ऐकू. हे पत्र आजच स्पीड पोस्टानं टाकतोय. शनिवारच्या गाडीनं मी आणि आई पुण्याला येतोय, तुला दवाखान्यात घेऊन जायला. तोवर एकच कर. तू वरच्या पलंगावर झोपतेस ना, आजपासून उर्वीचा खालचा माग. आणि खोलीतल्या मुलींनी ‘का?’ विचारलं, तर खरं कारण सांग.

तुझाच,
अप्पा