नागपूरचं येणं, मिलचं देणं

आई, तू नागपूरला त्या मोठ्या साहेबांसमोर बसली होतीस, त्या दिवसाबद्दल बाबांनी मला आत्ता कुठे सांगितलं, तुला जाऊन इतकी वर्षं झाल्यावर. गेल्या महिन्यात बोरगाव मेघेच्या घरी गेले होते. बाबा तुरीच्या शेंगा सोलत बसले होते आणि मी माझ्या ऑफिसची रडगाणी गात होते. मधेच हात थांबवून ते म्हणाले, "तुह्या आईनं काय केलतं, माहीत हाय का तुले?" मला वाटायचं, माहीत आहे. पण मला स्वयंपाकघरात घडलं तेवढंच ठाऊक होतं.

तू सेलू रोडवरच्या सरकीच्या तेलाच्या मिलमध्ये अकाउंटंट होतीस आणि ती मिल ज्या नागपूरच्या कंपनीची, तिच्या हिशेब विभागात बाबा, रोज रेल्वेनं जाऊन-येऊन. नागपूरची मुख्य कंपनी, मिल तिची उपकंपनी. तेलाचे डबे, विमा असे खर्च नागपूर आधी करायचं आणि मग मिलच्या नावावर टाकायचं. बाबांच्या पुस्तकात ते येणं, तुझ्या पुस्तकात तेच देणं, आणि दोन्ही आकडे जुळलेच पाहिजेत. महिनाअखेरीला ते आपल्या ओट्याशी जुळायचे. तू पोळ्या लाटते आहेस, बाबा ताटावर बसलेले. "डब्यायचं घेतलं का?" "घेतलं. पण विम्याचं तुम्ही दोनदा टाकलं, एक काढा." बाबा मान हलवतात. एवढाच तुमचा संसारातला वाद, असं मी मैत्रिणींना सांगायची.

मग तो मार्च आला. बाबा एका संध्याकाळी गाडीवरून आले, चपला न काढताच त्यांनी पिशवीतून कागद काढला. नागपूरनं मिलच्या नावावर वर्षभराचा व्यवस्थापन खर्च टाकला होता. रक्कम एवढी, की ती देणं म्हणून धरली तर मिलचा त्या वर्षीचा जवळजवळ सगळा नफा पुसला जाणार. बाबांना ते बिल साहेबांच्या सांगण्यावरून करावं लागलं होतं आणि आता त्यावर तुझी सही हवी होती. तू पिठाचे हात पुसून कागद वाचलास.

"व्यवस्थापन कोनतं? वर्षभरात तिकडून कारभार पाह्यले इथं आलं कोन, ते सांगा ना मले."

"अगं, साहेबांले उद्या पाह्यजे. सही करून टाक."

"तुमच्या पुस्तकात येणं लिहिलं म्हून माह्या पुस्तकात देणं होत नाई."

बाबा त्या रात्री जेवले नाहीत. मी तेव्हा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला, नुकतंच शिकलेलं डोक्यात ताजं. म्हटलं, आई, शेवटी दोन्ही कंपन्यांचा हिशेब एकत्र करतात, तेव्हा एकीचं येणं आणि दुसरीचं देणं उडूनच जातं. शून्य होतं. मग भांडता काऊन? तू तवा खाली उतरवलास. एवढ्या कडक आवाजात तू माझ्याशी कधी बोलली नव्हतीस. "शून्य वरच्यायसाठी होते. मिलचा नफा गेला का दिवाळीचा बोनस गेला. घाण्यावरच्या बाया अन् हमाल, त्यायच्या घरी शून्य होत नाई. पुस्तक वाचतं, तं पूर्न वाच." आज माझ्या हाताखालच्या पोरांना मी हेच समजावते, फक्त माझा आवाज तेवढा चढत नाही.

पुढचं बाबांनी सांगितलं ते असं. तू सही केली नाहीस, पण कागद नुसता परतही पाठवला नाहीस. डबे, विमा, वाहतूक, जे जे खरंच नागपूरनं भरलं होतं, ते सगळं तू देणं म्हणून मान्य केलंस. शिवाय तिकडच्या मेकॅनिकनं पावसाळ्यात येऊन मिलचा बॉयलर दुरुस्त केला होता. त्याचं बिल लावायला नागपूर विसरलं होतं. ते देणंही तू आपण होऊन धरलंस आणि तसं कळवलंस. साहेबांनी तुला बोलावून घेतलं. तुम्ही दोघं सकाळच्या गाडीनं सोबतच गेलात आणि साहेबांच्या टेबलाच्या दोन बाजूंना बसलात, तू मिलकडून, बाबा कंपनीकडून. साहेब तुझ्याकडे न बघता बाबांना म्हणाले, "बायकोले समजावा जरा."

बाबा म्हणाले, "साहेब, इथं या माह्या मिसेस नाईत, मिलच्या अकाउंटंट आहेत. अन् त्यायचा हिशेब बरोबर हाय. आपन न मागितलेलं देणंबी त्यायनं धरलं. या बिलाले आपल्याकडं काहीच आधार नाई."

हे सांगताना बाबांचा हात शेंगांमध्ये तसाच राहिला होता. साहेबांनी कागद दोनदा उलटसुलट करून पाहिले म्हणे, आणि मग ते बिल रद्द झालं. रद्द केल्याची नोंदही बाबांनाच करावी लागली. परतीच्या गाडीत सिंदी स्टेशन गेल्यावर तू विचारलंस, "आता तुमचं काय करतीन?" बाबा म्हणाले, "गोदामात टाकतीन. तिथं झोप चांगली लागते म्हनतात." तू भरल्या डब्यात एवढ्यानं हसलीस की समोरची बाई वळून बघायला लागली. त्यांना खरंच गोदामात टाकलं, कमी पगारावर, आणि रिटायर होईपर्यंत ते तिथेच राहिले. दिवाळीला मिलमध्ये पूर्ण बोनस वाटला गेला. आपल्या घरी त्या वर्षी नवीन कपडे आले नाहीत, आणि का ते मला कुणी सांगितलं नाही.

पुण्यात मी आता असंच काम करते. आमची मुख्य कंपनी परदेशात आहे, तिमाही संपली की तिकडून आकडे येतात, हे तुमचं देणं, मान्य करा. या वेळी एका बिलाला आधार मागितला. तीन दिवस मेल लिहून खोडत होते. उत्तर अजून आलेलं नाही.

हे पत्र बाबांना वाचून दाखवावं असं मनात होतं, पण ते डोळे पुसत बसतील आणि मला काय करावं ते सुचणार नाही, म्हणून राहू दे. तुझ्या हिमतीचं कौतुक मी सगळ्यांना सांगत असते. पण खरं सांगू, आई? मला हेवा तिचा वाटत नाही. मेल पाठवून झाला तेव्हा मनात एवढंच आलं, की टेबलाच्या पलीकडे तुला बाबा मिळाले होते.