करार माफ झाला

कल्याण, कार्तिक शुद्ध ६, शके १८०७
स्वारी जाऊन महिना होत आला. आज पुन्हा मुलींच्या शाळेत गेले. निम्म्या आल्याच नाहीत. सकाळी सकाळी या मास्तरणीचं पांढरं कपाळ बघायला नको, असं त्यांच्या आयांचं म्हणणं. आल्या त्यांची उजळणी घेतली. मधेच माझंच चुकलं. पोरींनी सांगितलं नाही, नुसत्या एकमेकींकडे बघत राहिल्या.

शु. ९
धाकटे दीर मुरबाडकडच्या गावाहून न्यायला आले. "वहिनी, आवरा आता. गावी चला. न्हावी तिथंच बोलावू, सगळं रीतसर होईल." दहाव्याला मी तापाने फणफणले होते म्हणून ते राहिलं. केसांचं एवढं काय, असं मनाला सांगते. मन ऐकत नाही. गावी गेले की केस जाणार, शाळा जाणार, आणि जावेच्या चुलीपुढचा कोपरा तेवढा उरणार.

म्हटलं, "भाऊजी, सरकारी करार आहे." मास्तरीण व्हायला पुण्यास ठेवलं तेव्हा सरकारने खर्च दिला. त्याबद्दल नेमलेली वर्षं नोकरी करायची, सोडली तर सगळं परत भरायचं. दीर तसेच माघारी गेले. भरणार कुठून?

स्वारीला हा करार कधी आवडला नाही. "सरकारने आमची बायको गहाण ठेवून घेतली," म्हणायचे आणि हसायचे. आज त्या गहाणानेच वाचवलं. हे सांगायला ते हवे होते.

शु. १३
पगार. पूर्वी माझ्या पगाराची सहीसुद्धा तेच करत, आज मी केली. तेही मास्तरच, पण माझा पगार त्यांच्या निम्मा. इयत्ता तितक्याच, ओरडून घसा तितकाच बसतो. मागे विचारलं तेव्हा शाळा तपासणारे डिपुटीसाहेब म्हणाले होते, "बाई, तुम्हाला पोसायला मास्तर आहेत की." आता मास्तर नाहीत. पगार तेवढाच.

घरी येऊन खूप रडले. दर महिन्याला पैसे माझ्या हातावर ठेवून म्हणत, "मास्तरीणबाई, मोजून घ्या." मी एकदाही मोजले नाहीत.

वद्य २
राहती खोली मास्तरच्या नेमणुकीची. नवा मास्तर आला की सोडावी लागणार. शेजारचे तात्या, शाळाखात्यातले जुने कारकून, म्हणाले, अर्ज कर. लिहिला: खोली राहू द्यावी, पगार पुरा द्यावा. चार ओळी.

तात्या वाचून म्हणाले, "पोरी, हा अर्ज की हुकूम? अर्जात रडावं लागतं. अबला लिही, निराधार लिही, मायबाप लिही. सगळे तसंच लिहितात."

लाज वाटली. तरी लिहिलं. "या दुबळीस एकटीने हा भार पेलवत नाही, मायबापांनी दया करावी", वगैरे पानभर. मागणी शेवटी, दोन ओळींत.

वद्य ५
चांगी दाराशी आली. मिठागरावर पाट्या वाहते, तिची गोमी शाळेत आहे. तिला कपाळाचं काही वाटत नाही. "बाय, तू जातंस म्हनतान. मंग माजे पोरीला कोन शिकवल गो? आगरावर हिशोब लिवनारा मेहता पाट्या कमी धरतो. माजी पोर मोजल ना, त त्याची हिंमत होनार नाय."
म्हटलं, जात नाही. करार आहे.

वद्य १०
डिपुटीसाहेब मुद्दाम आले. आवाज किती हळू. "बाई, तुमचा अर्ज वाचून मन द्रवलं. वर शब्द टाकून करार माफ करवून आणला. काही भरायचं नाही. सुखाने आपल्या माणसांत जा."
दिरांनाही बोलावून घेतलं होतं; त्यांनी हात जोडले. "सुटलात, वहिनी!"
मी विचारलं, "आणि खोली? पगार?"
"आता त्याची गरजच काय?"
माणूस खरोखर दयाळू. त्यांच्यावर रागावताही येत नाही, हेच सोसवत नाही. माझ्याच हाताने लिहिलं होतं, भार पेलवत नाही म्हणून. त्यांनी भार काढून घेतला.
स्वारी असती तर आधी हसली असती, मग जोडे घालून भांडायला गेली असती.

वद्य ११
उपास. दिरांनी बैलगाडी ठरवली, उद्या उजाडतानाची.
तात्या आले, माझ्याकडे बघेनात. मी विचारलं, "करार गेला, पण नोकरी?"
"राजीनामा तू दिलेला नाहीस. नोकरी आहे. पण राहशील कुठे? कोणाच्या आधाराने?"
तशीच उठून शाळेत गेले.

शाळा सुटताना मुलींना सांगायचं होतं. उभी राहिले, तोंड उघडलं आणि भलतंच बोलले. "उद्या सगळ्यांनी पाढे पाठ करून या. लवकर या. आधी माझ्या खोलीवरच या." गोमीने विचारलं, "उजाडताच?" म्हटलं, "हो, उजाडताच."
दिरांनी माझं बोचकं बांधून ठेवलंय.
गाडीवानही उजाडताच येतो म्हणालाय. दार मलाच उघडायचं आहे.