न सापडलेली त्रेचाळीस

११ एप्रिल २०१६
संगणकाचं प्रशिक्षण संपलं. वाचनालयाची सगळी पुस्तकं आता मी संगणकावर चढवायची. बरोबरची वैजापूरची मेघा म्हणाली, "रजिस्टर समोर ठेव अन् टाकत जा. दिवसाला पाचशे!" मला नाही जमणार. पुस्तक हातात घेतल्याशिवाय नोंद नाही.

१४ एप्रिल
जयंती. वाचनालय बंद. बाबांनी नवा सदरा घातला.

१९ एप्रिल
ग्रंथपाल तात्यासाहेबांना टायपिंग शिकवतेय. एकेक अक्षर शोधत बसतात. "पोरी, ह्याच्यात क ख ग ओळीनं का नाय?"

२७ एप्रिल
बालविभागात पुस्तकं कमी. रजिस्टरात आहेत, कपाटात नाहीत! तात्यासाहेब म्हणाले, "आसतील इथंच. सव्वीस वर्षं किल्ली माझ्याकडं हाय." पण मग स्वतःच उठून शोधत राहिले. चहा घेतला नाही.

३ मे
सहा दिवसांनी नळ आला. अंघोळ करून गेले तरी दिवसभर घाम.
त्रेचाळीस पुस्तकं नाहीत. वाचनालयाचे सचिव यादी पाहून खूश झाले – खूश! समोरचा रस्ता रुंद होतोय, त्यांना वाचनालयाच्या जागेत खाली दुकानं काढायचीत. तात्यासाहेब एकटेच विरोधात. "आता कळंल म्हाताऱ्याला." पुस्तकं सापडली नाहीत तर तात्यासाहेबांवर चोरीचा ठपका. नोकरी जाणार. यादी मी केली.

४ मे
माझीच काहीतरी चूक असेल. माझीच असू दे!

८ मे, रविवार
माझी नोंद कुठं चुकते ते पाहायला घरची पुस्तकं काढली. बाबांच्या लोखंडी पेटीतली. मी थेट तिसरीत शाळेत गेले. त्याआधी बाबांनीच शिकवलं, ह्याच पुस्तकांवरून – आमच्याच वाचनालयात दिवसभर शिपायाचं काम करून आल्यावर.
एकाच्या पहिल्या पानावर चिकटवलेला कागद उन्हाळ्यानं सुटला होता. खाली शिक्का. आमच्या वाचनालयाचा. दाखल क्रमांकही.
दुसरं उघडलं. तिसरं.
यादी पिशवीतच होती. सगळी जुळली.
नावं आधीच ओळखीची वाटली होती मला. मुलांची पुस्तकं, सगळ्याच घरांत असतात, असं म्हणून सोडून दिलं. खरंच तसं वाटलं होतं का?

९ मे
बाबांना पुस्तक दाखवलं. बराच वेळ हातात धरून बसले. "परत न्यायचीच व्हती. तू घडाघडा वाचायला लागलीस, मग माझं मन निघंना." पुस्तक मिटून – "सांगशील का?"
निवृत्तीला सात महिने राहिलेत त्यांच्या.
आई आली. "काय झालं गं?"
"काही नाही," मी म्हणाले. किती पटकन म्हणाले!

११ मे
दोन पिशव्या भरून घेऊन गेले. गुपचूप कपाटात ठेवायची, मग 'सापडली' म्हणायचं. तर सचिवांनी कपाटांना स्वतःचं कुलूप घातलेलं. पिशव्या घेऊन परत फिरले. जिन्यात तात्यासाहेब भेटले.
"लई वजन दिसतंय. आण इकडं, एक धरतो."
दिली नाही. नीट बोललेही नाही त्यांच्याशी.

१३ मे
सचिव मला पहिल्यांदाच मॅडम म्हणाले. कागद पुढं केला. 'यादीतील पुस्तके कोठेही आढळली नाहीत.' खाली माझं नाव, नावापुढं – प्रभारी ग्रंथपाल.
सही केली.