‘चालेल’ लिहिलेलं नाणं

गुरुजी, परवा कुरुमच्या हॉलमध्ये तुमचा एक शब्द चारचौघांत मांडला गेला, तेवढं सांगायचं होतं. मी आता मस्कतला मुलाकडे असतो, अल मवालेहला. इथल्या आपल्या मंडळाने जुन्या नाण्यांचं प्रदर्शन भरवलं, आणि नातीचा हात धरून मी आपल्या संस्थानातलं लढाईच्या दिवसांतलं नाणं घेऊन गेलो.

ते दिवस अजून डोळ्यांपुढे येतात. तांबं सगळं लढाईने गिळलेलं, बाजारात मोड म्हणून मिळेना, मिठाची पुडी घ्यायची तरी पंचाईत. शेवटी दरबाराने रॉकेलच्या डब्यांच्या पत्र्यातून चकत्या पाडायचं ठरवलं. त्यांवर ‘पैसा’ लिहायला इंग्रजांची मनाई, आणि जागा जेमतेम तीन अक्षरांची. कारभारी शब्द विचारायला शाळेत येतात, कवितेचा तास थांबतो, आणि तुम्ही फळ्यावर लिहिता, ‘चालेल’. आमच्याकडे वळून म्हणता, “गुरू, गुरू, लघू. वृत्तातही बसतं, बाजारातही.” कारभारी म्हणाले, “मास्तर, थट्टा करता काय?” तुम्ही शांतपणे म्हणालात, “नाण्याने दुसरं काय सांगायचं असतं, रावसाहेब?” आणि खरोखरच, थोड्याच दिवसांत कोळणी ती चकती कनवटीला लावून मासळी देऊ लागल्या.

हॉलमध्ये मात्र मंडळाच्या चिटणिसांनी, वसईकडचे आहेत, चकती उलटसुलट करून पाहिली. “काका, राजा नाही, साल नाही. हे टोकन झालं. नाण्यांच्या टेबलावर कसं ठेवू?” तुमचा शब्द पुन्हा खिशात घालून परतायचं माझ्याच्याने होईना. नातीचं मराठी अडखळत येतं, पण तीच पुढे झाली. “अंकल, लोकं हे घ्यायचे ना? मग ते चालला. चालला तर कॉईनच ना?” चिटणीस हसले. “चालेल, बाई. यल्ला, चल, ठेव तिकडे,” म्हणाले, आणि आपल्याच तोंडून काय निघालं ते उमगून चकतीकडे पाहत राहिले.

संध्याकाळपर्यंत माणसं त्या टेबलाशी थांबत होती. एक ओमानी आजोबाही थांबले. नातीने त्यांना अर्थ सांगितला, तसे ते दाढीतल्या दाढीत हसले. हा शब्द कुणाचा, असं जो तो विचारी. हे पत्र कुठल्या पेटीत पडणार नाही, म्हणून कबूल करतो. आम्ही वर्गभर मुलं होतो, गुरुजी; तरी दर वेळी ‘आमचे’ न म्हणता मी ‘माझे गुरुजी’ असंच सांगितलं.