गळ नसलेल्या काठ्या

ताई,

मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की तुझ्या मुलांनी स्वतः मासा पकडला. ते चूक होतं. मासा साफ करताना त्याचं तोंड नीट पाहिलं, तर गळाची खूणच नव्हती. मग कोपऱ्यातल्या काठ्या तपासल्या. दोरा आहे, बूच आहे, पण गळ बांधलेलाच नाही.

भावोजी हसले. "अगं, एवढ्याशा पोरांच्या हातात गळ द्यायचा? तू पोलिसातच जायला हवी होतीस!"

पटलं मला. आपल्या बाबांनीही सुरुवातीला आपल्याला गळ दिला नव्हता. पण ते आपल्या फ्रॉकचे पट्टे मुठीत धरून बसायचे. मग मासा आला कुठून, हे विचारायचा धीर झाला नाही.

आज धाकटीची वेणी घालताना सहज विचारलं, "बाबा कुठे बसतात गं?"

"बाबा नसतातच. ते येईपर्यंत बुचाकडे बघायचं. उठलं की मासे पळतात."

थोरल्याने तिला चिमटा काढला. "मावशीला सांगायचं नाही, असं ठरलंय ना!"

ताई, ती चार वर्षांची आहे आणि तळ्याला कठडा नाही. भावोजी कुठे जातात, ते तुमचं तुम्ही बघा. पण डोळ्यांनी पाहिल्याशिवाय, इतक्या लांब नोकरीवर असलेल्या तुला घोर लावणं बरं नाही. म्हणून हे पत्र सध्या माझ्याजवळच ठेवते. ते तिघं दर रविवारी जातात. या रविवारी त्यांच्या आधी मी तळ्यावर असेन.

तुझी,
सगळ्यात शंका काढणारी बहीण