कबरीचं नैराश्य

४ नोव्हेंबर, सकाळ
मोबाईलवर फार मोठा शोध वाचला. उंदराला रोज गोड पाणी पाजायचं, मग एक दिवस एकदम पचपचीत द्यायचं. उंदीर तोंड फिरवतो, मरगळतो. पण ज्याला पहिल्यापासून पचपचीतच मिळालं, तो मजेत पितो. म्हणजे उंदराला पाणी नडत नाही, आशा नडते. शास्त्रज्ञ यावरून माणसाचं नैराश्य ओळखतात.
आमच्या आंजी गावात असा प्रयोग कोणी केलेला नाही. मी करणार. घरात उंदीर आहेत, पण ते ऐकत नाहीत. कबरी घेतो. गल्लीतली मोकळी गाय. रोज सकाळी आधी माझ्या दारी येते. पोळी हे निमित्त. येते माझ्यासाठी.

५ नोव्हेंबर
प्रारंभ. पोळीऐवजी गोरसपाक. बायको जया म्हणाली, "गाईच्या तुपाचं बिस्कीट गाईलेच चारून राह्यले? डोकं ठिकाणावर हाय ना?"
शास्त्राला पहिला विरोध घरातूनच होतो.

११ नोव्हेंबर
कबरी मी उठायच्या आधीच हजर. दाराला शिंग घासते. समोरच्या नत्थूजीकडे ढुंकूनही पाहत नाही. तो पायरीवरून ओरडला, "काऊन बापूरावभाऊ, माही गाय पळवली का?" त्याची म्हणे! जळकुटा.
उद्यापासून शिळी भाकर. दुःखी होईल बिचारी, पण माझं दार सोडणार नाही.

१२ नोव्हेंबर
भाकर दिली. कबरीनं हुंगली. माझ्याकडे पाहिलं. अशा नजरेनं माझ्याकडे याआधी एकदाच पाहिलंय, लग्नात, सासऱ्यांनी.
मग सरळ नत्थूजीकडे गेली.
नोंद : नैराश्यात जनावर वाईट संगतीला लागतं.

१४ नोव्हेंबर
आली नाही. सून समीक्षा सेवाग्रामला नर्स आहे. म्हणाली, "बाबा, नैराश्य असतं तर तिनं खाणं सोडलं असतं. ती तर तिकडे मस्त रवंथ करून राह्यली." या नव्या मुलींना लक्षणं कळत नाहीत. वरून रवंथ, आतून खचलेली.
आज जेवण गेलं नाही. हवा बदलली असावी.

१६ नोव्हेंबर
करुणेपोटी प्रयोग थांबवला. गोरसपाकचा अख्खा पुडा घेऊन दारात उभा राहिलो, हाका मारल्या. कबरीनं कान हलवला. माशी होती.
नत्थूजी तिला असं देतो तरी काय, म्हणून रस्त्याच्या मध्यापर्यंत गेलो. काहीच देत नाही! नुसती मान खाजवून देतो.
जया म्हणाली, "जेवत नाई, बोलत नाई, नुसते दारात उभे राह्यता. तुमच्यापेक्षा गाय बरी. जा ना एकदाचे तिकडं!"
मी जाणार नाही. संशोधकाला मान असतो.

१७ नोव्हेंबर
नत्थूजीनंच हाक मारली, "या न भाऊ, बसा. तुमचीबी मान खाजवून देतो."
थट्टा आहे हे कळत होतं. तरी गेलो. कबरी जरा सरकली, जागा दिली. पायरीवर बसलो. चहा झाला. सोयाबीनवर बोलणं झालं. मधूनमधून मी मान थोडी पुढे करून पाहिली.
नाही खाजवली.