राखेचं वजन

९ नोव्हेंबर

प्रिय दादा,

नमस्कार. त्यातला अर्धा वहिनीला दे, पत्रांना उत्तरं तीच देते. इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा कुरकुरतो, पण तिच्याइतका नाही.

कारखान्याचं म्हणशील तर डोक्याला ताप झालाय. आपल्या प्लास्टिकच्या पट्ट्यांत आता निम्म्याहून जास्त खडूची पावडर घालावी लागते, आणि ती महा नाटकी. जरा दमट झाली की पट्टीवर फोड. मशीनच्या तोंडाशी, हॉपरच्या नरसाळ्यात अडून बसली की काठीने ठोकल्याशिवाय खाली उतरत नाही. मशीनचा स्क्रू तर तिने पार झिजवलाय. त्यात महिनाभर मोटर मधेच बंद पडते आणि पट्टी बिस्किटासारखी मोडते. पुढच्या घाण्याची मात्र ठणठणीत! मी पावडर वाळवली, जाळ्या बदलल्या, पावडरवाल्याशी कडाकडा भांडले. बाबा सगळ्यांदेखत म्हणाले, "तुला मशीन कळत नाही. दादा असता तर ही वेळ आली नसती." फार लागलं मला. तुझाही राग आला, खोटं कशाला बोलू?

शेवटी मोडक्या पट्टीचा तुकडा भट्टीत जाळला. प्लास्टिक जळून जातं, पावडर मागे उरते. तिचं वजन केलं की किती घातली होती ते कळतं. एका घाण्यात दोनदा पडल्याइतकी निघाली.

मिश्रण बाबा स्वतःच करतात, कुणाला हात लावू देत नाहीत. दुसऱ्या दिवशी काहीतरी शोधायचं निमित्त करून मी तिथे रेंगाळले. त्यांनी पावडर ओतली, हात झटकले, चष्मा पुसला. मग पुन्हा पोतं उचललं.

"बाबा, आत्ताच घातलीत की."

त्यांनी पोतं खाली ठेवलं आणि हळूच विचारलं, "कुणाला सांगितलंस का?"

म्हणजे त्यांना कळलंय, दादा. कधीपासून, ते विचारायचा मला धीर झाला नाही.

आईला अजून काही बोलले नाही. फोन बाबांच्या खुर्चीशेजारी असतो, म्हणून हे पत्र. परवा त्यांनी मला आत्याच्या नावाने हाक मारली. मी ओ दिली.

डॉक्टरांकडे मी नेईन. मिश्रणही आता मीच करते, ते शेजारी बसून चुका काढतात. येऊन मशीन बघतो, असं तू मागे म्हणालास. मशीनसाठी येऊ नकोस. तुला ओळखताहेत तोवर त्यांना भेटायला ये.

घाबरलेली,
तुझी ठमी